पत्र्याला भोक पाडायचं, तर कशानं?

स्वयंपाक उरकला असेल तर बसा जरा रेडिओजवळ. उरकला नसेल तर आवाज मोठा करा आणि भाकरी थापता थापता ऐका.

आपल्या भागातल्या तीन गटांनी यंदा विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टर पेट्या करायचं काम घेतलंय. तालुक्याच्या गावी पत्रा कापून, वाकवून मिळतो. पुढचं काम आपलं: भोकं पाडायची, कडा घासायच्या, दार बसवायचं आणि पेटी रंगाला पाठवायची. आतली वायरिंग परवानाधारक वायरमन करतो, त्यात आपण हात घालत नाही. या तिन्ही गटांच्या बैठकीत मला एकच प्रश्न आला. "ताई, पेटी झ्याक होते, पण भोकं वेडीवाकडी पडतात. कुठलं हत्यार घ्यावं?" एका गटाचा तर जुनं प्रेस मशीन घेण्यासाठी कर्जाचा ठराव लिहूनही झाला होता. मी म्हटलं, सही करायच्या आधी आठ दिवस थांबा, आपण बोलू. तेच आज बोलते.

मी बी.ए. मराठीची. लोखंडाशी माझा संबंध तवा आणि विळी एवढाच होता. पण गटांबरोबर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये उभं राहून, मिस्त्रींना विचारून विचारून जे समजलं ते सांगते. तुम्ही हातानं करून बघा, मगच माना.

आधी भोक स्वच्छ असावं ते कशासाठी, हे बघू. नुसत्या दिसण्यासाठी नव्हे. स्टार्टरच्या पेटीत थ्री फेज लाईन येते, चारशे व्होल्टच्या वरची. ती केबल पेटीच्या तळाच्या भोकातून आत जाते. तळातून अशासाठी, की वरून पाणी आत येऊ नये. मोटर सुरू झाली की पेटी थरथरते, थरथरली की केबल भोकाच्या कडेला घासते. ती कड धारदार असेल तर आज ना उद्या केबलचं प्लास्टिक कापलं जाणार आणि पेटीच्या पत्र्यात करंट उतरणार. पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस ओल्या पायांनी त्या पेटीला हात लावतो. आपल्याच घरातला असतो तो, नाहीतर शेजारचा.

भोक पाडताना कडेला जी पातळ, वर आलेली धार राहते, तिला कारखान्यात 'बर' म्हणतात. एक गोष्ट मात्र फार जणींच्या लक्षात येत नाही. बर येते ती हत्यार ज्या बाजूनं बाहेर पडतं त्या बाजूला. आपण पेटीला बाहेरून आत भोक पाडतो, म्हणजे बर पेटीच्या आत राहते. गिऱ्हाइकाला पुढून भोक गुळगुळीत दिसतं आणि वायरला मागून करवत लागते. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या पेट्या दुकानदारानं परत केल्या त्या याच कारणानं. रंग छान होता, दारं नीट बसली होती. वायरमननं आतून बोट फिरवलं आणि त्याचंच बोट कापलं.

तुम्ही तपासायला बोट फिरवू नका. कापसाचा बोळा घ्या, भोकाच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. धागा अडकला की तिथे बर आहे.

आता हत्यारांकडे वळू. दुकानात पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: पत्रा किती जाड, भोक किती मोठं आणि अशी भोकं किती पाडायची. या तिन्हींची उत्तरं नसतील तर दुकानदार त्याच्याकडे जे पडून आहे ते तुमच्या हातात देईल.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथेच गोंधळ होतो, कारण हा हिशेब उलटा आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, आणि २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर. आपल्या पेट्या १८ गेजच्या आहेत. गेज तोंडी सांगत बसण्यापेक्षा पत्र्याचा एक तुकडा पिशवीत टाकून दुकानात न्या.

भोकांचं माप असं. लाल-हिरवी बटणं आणि तीन फेजचे तीन दिवे बाजारात 'बावीस एमएम' म्हणून मिळतात, पण त्यांना भोक लागतं साडेबावीस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका पेटीला एकसारखी पाच भोकं. तळाला केबलच्या ग्लँडसाठी दोन. ग्लँड वीस एमएमचा असेल तर भोक साडेवीसचं घ्यायचं. शिवाय अर्थिंगच्या बोल्टसाठी एक लहान भोक.

सगळ्यांकडे असतं ते साधं ड्रिल मशीन आणि साधं पिळाचं बिट. भिंतीला, लाकडाला, जाड लोखंडी पट्टीला ते चांगलं. पातळ पत्र्यात मोठं भोक पाडायला मात्र ते चुकीचं हत्यार आहे, आणि त्याचं कारण सोपं आहे. बिटाचं टोक निमुळतं असतं. जाड लोखंडात ते टोक आत रुतून बसतं आणि बिटाला सरळ धरून ठेवतं. पातळ पत्र्यात बिटाच्या कडा कापायला लागायच्या आतच टोक पलीकडे निघून जातं. मग बिटाला धरायला काही उरत नाही, ते डगमगतं आणि भोक गोल न पडता तिकोनी पडतं. त्याहून वाईट म्हणजे आरपार जाताना बिट पत्र्यात अडकतं आणि पत्राच गरगर फिरायला लागतो. हातात धरलेला पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून साधं बिट सहा-आठ मिलिमीटरपर्यंतच वापरायचं, आणि पत्र्याखाली लाकडी फळी ठेवून दोन्ही क्लॅम्पनं घट्ट आवळायचे. अर्थिंगच्या बोल्टचं भोक असंच पडतं.

दुसरं हत्यार म्हणजे स्टेप बिट, पायऱ्यांचं बिट. देवळापुढची दीपमाळ उलटी धरली तर जशी दिसेल तसं ते दिसतं, टोकाला बारीक आणि वर एकेक पायरी रुंद होत गेलेली. एकाच बिटानं चार मिलिमीटरपासून वीस किंवा बत्तीसपर्यंत भोक पडतं. खालची पायरी पाडलेल्या भोकात बसलेली असते, म्हणून बिट डगमगत नाही आणि भोक गोल येतं. हव्या त्या मापाला पोचल्यावर पुढच्या पायरीची कड भोकाला अगदी हलकी टेकवली की वरच्या बाजूची धारही मोडते. आतल्या बाजूची बर मात्र हातानंच काढावी लागते.

या बिटाच्या दोन खोड्या आहेत. एक म्हणजे हे पातळ पत्र्याचंच हत्यार आहे. पत्रा पायरीच्या उंचीपेक्षा जाड असेल तर भोक सरळ न पडता पसरट पडतं. आपल्या १८ गेजला काही अडचण नाही. दुसरी खोडी जास्त त्रासाची. नेहमीच्या बिटाच्या पायऱ्या दोन-दोन मिलिमीटरनं वाढतात: वीस, बावीस, चोवीस. आपल्याला हवं साडेबावीस. बावीसला थांबलो तर बटण आत जात नाही, चोवीसला गेलो तर ढिलं बसतं आणि पावसाचं पाणी आत घेतं. बावीसला थांबून अर्धगोल कानशीनं हलकं घासायचं हा एक मार्ग, पण पाच भोकं गुणिले चाळीस पेट्या असं काम असेल तर हात भरून येतात. पॅनेलच्या कामासाठी साडेबावीसची पायरी असलेलं बिटही येतं. ते समोर मांडलेलं नसतं, मागून घ्यावं लागतं. आणखी एक युक्ती: ज्या पायरीला थांबायचं तिच्या वरच्या पायरीवर मार्करनं रंग लावून ठेवा. एक पायरी जास्त उतरली की तो पत्रा भंगारात गेलाच.

तिसरं हत्यार होल सॉ. करवतीचे दात लावलेली वाटी म्हणा, मधे एक छोटं ड्रिल बिट. मोठ्या भोकांना बरं. पण दुकानात प्लास्टिकच्या डबीत दहा-बारा वाट्यांचा स्वस्त संच दिसतो ना, तो बघून हुरळू नका. तो लाकडाला, प्लायवूडला असतो. लोखंडी पत्र्यावर त्याचे दात एका पेटीत झिजतात. लोखंडासाठी 'बायमेटल' म्हणून मागायचं, आणि सगळा संच न घेता हवी तेवढी एकच वाटी घ्यायची. दात बारीक हवेत. मोठ्या दातांत पातळ पत्रा अडकतो आणि हिसका बसतो. शिवाय होल सॉ बर भरपूर ठेवते. माझं मत विचाराल तर आपल्या पेट्यांना तिची गरज नाही.

चौथं मला सगळ्यात आवडलेलं. नॉकआउट पंच. पुरी वाटीनं कापतो, तशातली गत. पत्र्याच्या एका बाजूला धारदार पंच, दुसऱ्या बाजूला वाटीसारखा डाय, आणि दोघांना जोडणारा बोल्ट. आधी स्टेप बिटानं तो बोल्ट जाईल एवढं भोक पाडायचं, दोन्ही भाग दोन बाजूंनी बसवायचे आणि पान्यानं बोल्ट आवळत जायचं. पंच पत्र्यातून खेचला जातो आणि कट असा आवाज होऊन गोल चकती डायमध्ये पडते. माप नेमकं साडेबावीसचं येतं, पहिल्या पेटीला तेच आणि चाळिसाव्या पेटीलाही तेच. बर जवळजवळ नसते, तरी कापसाचा बोळा फिरवायचाच. बोल्टला ग्रीस लावत राहायचं, नाहीतर आटे लवकर जातात.

आणि मैत्रिणींनो, सुरुवातीचं भोक सोडलं तर याला लाईट लागत नाही. दिवसा वीज असेल तेव्हा सगळ्या पेट्यांची बोल्टची भोकं पाडून ठेवायची आणि लाईट गेली की अंगणात बसून पाना फिरवायचा. एका मावशींनी तर सांगितलं, जात्यावर दळण दळलेल्या हाताला हे काय जड? पण घेताना किती जाडीच्या आणि कोणत्या पत्र्यासाठी आहे ते विचारा. साध्या लोखंडी पत्र्याचा पंच स्टेनलेस स्टीलवर चालवला तर धार जाते. इथेही संच घेऊ नका. तुमची दहातली सात-आठ भोकं एका मापाची असतील तर त्या एका मापाचाच पंच घ्या.

मग प्रेस मशीन? शेकड्यांनी नव्हे, हजारांनी एकसारखी भोकं पाडायची असतील आणि ऑर्डर वर्षभराची असेल तर त्याचा विचार करावा. त्याला दर मापाचा डाय वेगळा, जागा पक्की, आणि पंच डायच्या बरोबर मधे बसवायला हुशार माणूस लागतो. सपाट पत्र्यावर ते उत्तम चालतं, पण आपल्याकडे पेट्या वाकवून येतात, त्या प्रेसखाली नीट बसतही नाहीत. त्यात जुनं पॉवर प्रेस म्हणजे बोटांशी खेळ. जाळी नाही, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालत नाही अशी सोय नाही, असं मशीन कुणी फुकट दिलं तरी माझ्या गटात येऊ देणार नाही. ठराव लिहिलेल्या गटाला मी हेच सांगितलं. त्या प्रेसच्या कर्जाच्या दोन-तीन हप्त्यांच्या रकमेत एक चांगलं स्टेप बिट, साडेबावीसचा एक पंच, सेंटर पंच, दोन क्लॅम्प, अर्धगोल कानस आणि दोघींचे चष्मे येत होते. हिशेब त्यांनीच फळ्यावर मांडला.

गॅसनं किंवा वेल्डिंगच्या कांडीनं भोक जाळून पाडणारेही असतात. ते भोक ओबडधोबड येतं, पत्रा तापून वाकतो. आणि पत्रा जस्ताचा असेल, म्हणजे धान्याच्या कोठीला असतो तसा, तर जाळताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. ते करू नका.

आता कामाची रीत. जागा आखून झाली की सेंटर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा, म्हणजे बारीक खळगा पडतो आणि बिट घसरत नाही. या एका ठोक्याचा कंटाळा केला की सगळी बटणं एका रेषेत न येता दात पडल्यासारखी दिसतात. ड्रिलला वेग कमी-जास्त करायची सोय हवी. भोक जितकं मोठं, तितकं फिरणं हळू. साध्या लोखंडात सहा मिलिमीटरला मिनिटाला बाराशे-तेराशे फेरे चालतात, बावीसला साडेतीनशेच्या आसपास. फेरे मोजायला कोण बसलंय म्हणा. खूण अशी, की बिट निळं-काळं पडलं किंवा किंचाळायला लागलं तर वेग जास्त आहे. तेलाचा एक थेंब टाका. घाई केली की बिटाची धार जाते, आणि बोथट बिट जास्त बर काढतं.

सगळी भोकं रंगाच्या आधी पाडायची. पावडर कोटिंग झाल्यावर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो. अर्थिंगच्या बोल्टचं उलटं आहे. तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करायचा, नाहीतर बोल्ट रंगावर बसतो आणि अर्थिंग नुसतं दिसायला राहतं. आणि एखाद्या शेतकऱ्यानं जुनी पेटी आणली, "एक भोक वाढवून द्या" म्हणाला, तर आत स्टार्टर बसवलेला असताना ड्रिल लावू नका. लोखंडाचा कीस आत पडतो आणि शॉर्ट होतो. वायरमनकडून स्टार्टर काढून घेऊन या म्हणावं.

ग्लँड बसवायचा नसेल तर तळाच्या भोकाला निदान रबरी ग्रोमेट हवाच. चार पैशांची वस्तू आहे. भोक घासलेलं असलं तरी ती बसवायची.

आता आपल्या अंगावरच्या वस्तूंचं. ड्रिल फिरत असताना पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, लोंबतं मंगळसूत्र यांतलं काहीही जवळ नको. शेतात जाताना आपण नवऱ्याचा जुना फुल शर्ट साडीवर चढवतो ना, तोच घाला आणि मनगटाची बटणं लावा. मंगळसूत्र शर्टाच्या आत. बांगड्यांवरून कुरकुर होते, मला ठाऊक आहे. एका ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीनं हात मोकळे ठेवायचे?" त्या ताईंनी ड्रिलजवळ एक डबीच ठेवलीय. मशीन सुरू करायच्या आधी बांगड्या डबीत, मशीन बंद की हातात. सासूबाई आता स्वतःच डबी पुढे करतात.

हातमोज्यांचंही सांगते, कारण इथे चांगल्या शिकलेल्या माणसांचाही गोंधळ होतो. पत्रे उचलताना, ठेवताना जाड हातमोजे घालायचे. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे काढायचे. मोजा बिटात गुंतला की बोटाला ओढून नेतो. डोळ्याला चष्मा मात्र कायम. आणि लोखंडाचा कीस हातानं किंवा फुंकरीनं उडवायचा नाही, ब्रशनं झाडायचा. अंगणात उघडी पायं फिरणारी लेकरं आहेत, तेव्हा काम संपल्यावर चुंबक फिरवून कीस गोळा करा.

बर काढायचं काम कुणाला द्यायचं, असं एका गटानं विचारलं. कारण ते कंटाळवाणं आणि त्याला मजुरी कमी धरली होती. मी म्हणते, ते काम भोक पाडणाऱ्या बाईनं करू नये, दुसरीनं करावं, आणि मजुरी दोघींना सारखी द्यावी. आपण पाडलेलं भोक आपल्याला चांगलंच दिसतं. दुसरीनं कापूस फिरवला, पेटीच्या आत खडूनं आपली खूण केली, मगच पेटी रंगाला जाईल, असा नियम त्या गटानं केलाय. सध्या तरी पाळतात.

स्टेप बिट वापरून झाल्यावर पुसून, तेलाचं बोट फिरवून चिंधीत गुंडाळून ठेवा. बाकी बिटांच्या डब्यात टाकून खडखडवू नका, धारा एकमेकींवर आपटून जातात. पंचाचे दोन भाग आणि बोल्ट एकत्रच ठेवा, आणि कोणाच्या घरी आहेत ते वहीत लिहा.

पुढच्या वेळी पेटीचा दर कसा ठरवायचा ते बोलू. त्यासाठी एका पेटीला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजून ठेवा. बर काढायचा वेळही त्यात धरा.